उन्हाळी नव्हती ती

लघवी.

घ्या, लिहिला शब्द. पहिल्याच ओळीत लिहिला, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं आणि पान उलटावं. माझ्या आजाराची सगळी गोष्ट या एका शब्दापाशी अडून बसली होती. तो वेळेवर तोंडातून निघाला असता तर आज माझ्या पोटात दोन किडन्या असत्या. आता एकच आहे. तिच्याच जिवावर हे लिहितेय.

मी शकुंतला. माहेर पिंपळवंडी, सासर अवसरी खुर्द, म्हणजे एक पाय जुन्नर तालुक्यात आणि एक आंबेगावात. अवसरीत मी अंगणवाडी चालवली. मूलबाळ झालं नाही, मग नवराही गेला. लोक म्हणाले आता माहेरी जाऊन भावाच्या आधारानं राहा. मी म्हटलं, बसून खायला मी काय म्हातारी झाले? धम्माच्या कामाला निघाले ती गोरखपूरमार्गे थेट नेपाळला. तिथं तराईत एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. मुलींना शिकवायचं, सकाळ-संध्याकाळ वंदना घ्यायची, आजूबाजूच्या वस्त्यांवर जाऊन पंचशील समजावून सांगायचं, असं माझं काम. मिशनरी म्हणतात ना, तेच. फक्त आमच्या हातात क्रूस नसतो.

गावात सांगितलं की लोक हसतात. "नेपाळ म्हंजी काय परदेश व्हय राव? पासपोर्ट लागत न्हाई का काय न्हाई!" त्यांना म्हणावं, चैत्रात एकदा तिकडं येऊन राहा. मग कळेल.

तिकडचा उन्हाळा

आपल्याकडं ऊन असतं, पण रात्री लेण्याद्रीच्या डोंगरावरून जरा तरी वारं येतं. तराईत डोंगर लांब उत्तरेला, दिसतो न दिसतो. खाली सगळी सपाट जमीन, आणि दुपारी पश्चिमेकडून लू सुटते. तोंडावर तव्याची वाफ यावी तसा तो वारा.

म्हणून तिकडं दिवस अंधारातच सुरू करायचा. उजाडायच्या आत हापशावर आंघोळी, मग वंदना, मग आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडं बघत बसायचं ध्यान. मुली डुलक्या काढायच्या आणि मी दटावायची. ऊन चढायच्या आत शाळा उरकायची. मग खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या, फरशीवर पाणी मारायचं आणि सगळ्यांनी त्या ओल्या फरशीवर आडवं व्हायचं. लाइट गेली की पंखा बंद. मुली मला विचारायच्या, "दिदी, तुमच्या गावाला असंच का?" मी म्हणायची, आमच्या गावाला द्राक्षं पिकतात. त्या डोळे मिटून द्राक्षं आठवत पडायच्या, जी त्यांनी कधी खाल्लेलीही नव्हती.

ऊन कललं की सायकल काढायची आणि वस्त्यांवर निघायचं. माझ्याबरोबर फूलमती. ही आमच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण, थारू समाजाची, माझ्याच वयाची. मला रस्ते माहीत नव्हते आणि भाषा अर्धीच यायची, म्हणून ती पुढं, मी मागं. आम्हा दोघींचा एक नियम होता. बाहेर पडायचं म्हणजे दुपारपासून पाणी प्यायचं नाही. का? सांगते. मैलोनमैल सपाट शेतं. झुडूप नाही, आडोसा नाही. बसायचं कुठं? लोक मोठ्या प्रेमानं सत्तूचं सरबत पुढं करायचे आणि आम्ही ओठ ओले करून तांब्या परत द्यायचो. कुणी ठरवून दिला नव्हता हा नियम. बायकांना कुणी शिकवावं लागत नाही हे, आईच्या पोटातूनच शिकून येतो आपण.

कामात मात्र मजा होती, खोटं कशाला बोलू. घाम पुसत, तोडक्यामोडक्या भाषेत बोलत मी बसायची आणि बायका ऐकायच्या. एखादी म्हणायची, माझा नवरा दारू सोडेल का या शीलानं? मी म्हणायची, शील तुझ्यासाठी आहे, त्याच्यासाठी काठी आहे. सगळ्या हसायच्या. त्या दिवसांसारखं मी कधी जगलेच नव्हते.

गर्मी लाग्यो

दुसऱ्या उन्हाळ्यात जळजळ सुरू झाली. मी मनात म्हटलं, उन्हाळी लागली.

आपला हा शब्द बघा कसा आहे. लघवीला आग होते, सारखं जावं लागतं, थेंब थेंब होते, आणि आपण म्हणतो उन्हाळी लागली. त्यात लघवी नाही, बाईचं अंग नाही. नुसता ऋतू आहे. कुणासमोरही म्हणता येतं, सासऱ्यासमोरसुद्धा. आणि औषधही ठरलेलं. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा. ऋतू बदलला की जाणार. मी धने भिजवले, प्यायले, आणि सायकल काढली.

दुखायचं तेव्हा मी आनापानाला बसायची. मुलींना सांगायची ना, आलेल्या वेदनेकडं नुसतं बघा, मग मीही बघायची. वा गं शकू! बघत बसायचं म्हणजे डॉक्टरला दाखवायचं नाही, असं बुद्धाच्या कुठल्या सुत्तात लिहिलंय? सहन करणं म्हणजे धम्म नव्हे. हे मी आज ठणकावून सांगते, कारण त्या वेळी मला कुणी सांगितलं नाही.

फार झालं तेव्हा एकदा आरोग्य चौकीवर गेले. तिथं एक पोरगा बसायचा, मिसरूडही नीट न फुटलेला. त्याला काय सांगू? उन्हाळी हा शब्द तिकडं नाही. लघवी म्हणायला जीभ उचलेना. मग मी माझ्या हुशार डोक्यानं उन्हाळीचं भाषांतर केलं. म्हटलं, "भाइ, मलाई गर्मी लाग्यो."

त्यानं वर बंद पंख्याकडं बघितलं. "सबैलाई लागेको छ, दिदी," म्हणाला. सगळ्यांनाच गरम होतंय. आणि त्यानं मला मीठ-साखरेची एक पुडी दिली. बिचाऱ्याचं काय चुकलं? मी जे सांगितलं त्याचंच औषध त्यानं दिलं.

मग पाऊस आला. भाताची शेतं तुडुंब भरली, बेडूक ओरडायला लागले, आणि माझी उन्हाळी जागच्या जागी. दिवाळी झाली. पुढं थंडी पडली, तराईतली, धुक्याची, हाडात शिरणारी. स्वेटर घालून मी उन्हाळीचं धने-पाणी पीत होते. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा एकदाही डोक्यात आलं नाही की हा कसला उन्हाळा, जो पौषात पण हलेना!

आईचा पळस

फाल्गुनात घरी आले. संस्थेनंच पाठवलं, कारण साडी अंगावर टिकत नव्हती. आईनं दारातच कपाळावर हात मारला. "काय गं ही दशा! तिकडं काय हवा खाऊन जगती का काय?"

माझी आई पंचाहत्तरीची आहे. घरात तिच्याशिवाय माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, जो टोमॅटोचा टेम्पो चालवतो, आणि त्याची बायको सुनंदा. आमचं संडास-बाथरूम घरामागं आहे आणि त्याच्या मागं ऊस. आमच्या भागात ऊस म्हणजे बिबट्या, हे वेगळं सांगायला नको. दिवस मावळल्यावर कुणी एकटं मागं जात नाही. त्यामुळं दर वेळी माझ्याबरोबर आई निघायची, एका हातात बॅटरी, एका हातात काठी. पहिल्याच दिवशी जेवणाच्या आत इतक्या फेऱ्या झाल्या की ती म्हणाली, "शके, आता बिबट्याबी कटाळंल तुला बघून."

मग मला सांगावं लागलं. मी काय सांगितलं असेल? "अगं, उन्हाळी लागलीय."

"मंग सांगायचं न्हाई व्हय?" आईनं दुसऱ्या दिवशी पळसाची फुलं गोळा करून आणली, वाफवली, आणि ओटीपोटावर फडक्यात बांधली. खरं सांगते, लई बरं वाटलं. आईचा हात, गरम फुलं, माहेरचं घर. मला रडू आलं. वाटलं, आता जाईल हे.

दोन दिवसांनी सकाळी बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर लाल पडलं. पाळी जाऊन वर्षं झाली होती, तेव्हा तो बहाणाही नव्हता. मी पाणी ओतायला गेले, तर दारात आई उभी. तिनं फरशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि घरात जाऊन दादाला म्हणाली, "गाडी काढ. ही उन्हाळी न्हाई."

निदान

नारायणगावात एक डॉक्टरीणबाई आहेत, तरुण, बोलायला तिखट. त्यांनी सोनोग्राफी केली, लघवी तपासायला पाठवली, पुन्हा पाठवली, मग पुण्याला मोठं स्कॅनिंग करून आणायला लावलं. सगळे कागद आल्यावर मला आणि दादाला समोर बसवलं.

"मावशी, किडनीचा टीबी आहे. उजवी ठीक आहे. डावी काम करत नाही."

मी म्हटलं, "टीबी तर छातीत होतो."

"छाती स्वच्छ आहे तुमची. टीबी कुठंही होतो. किती दिवस त्रास होत होता?"

"मागच्या चैत्रात उन्हाळी लागलेली, तेव्हापासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मधे पावसाळा झाला. गणपती झाले. दिवाळी झाली. थंडी झाली!"

आणि मला हसू फुटलं. अक्षरशः खो खो. दादा ओशाळून म्हणतोय, "शके, अगं हसती काय?" आणि मी हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. बाईंनी टेबलावरचं पाणी पुढं केलं आणि मला रडू दिलं. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. पुष्कळ डॉक्टर अशा वेळी घड्याळ बघतात.

डोळे पुसून पहिला प्रश्न मी हाच विचारला, की मी नेपाळला परत कधी जाऊ?

"आधी जगा तर," त्या म्हणाल्या.

तिथून पुढचं सगळं वर्ष माझ्या डोक्यात एवढंच होतं. मी परत जाणार की नाही. बाकी औषधं, टाके, ताप, उलट्या, ते सगळं मधलं.

परत येताना दादानं टेम्पो गावाबाहेर काढला. मग म्हणाला, "गावात टीबी म्हनू नगं. किडनीचा प्रॉब्लेम म्हन."

"का? टीबीनं कुणाच्या घरात चोरी केलीय?"

"लोकं वाईट असत्यात, शके."

"मग लोकांनी औषध घ्यावं," मी म्हटलं. त्यानं नुसता हॉर्न वाजवला.

वॉर्ड

आधी काही आठवडे गोळ्या, मग पुण्याला ऑपरेशन, असं ठरलं. गोळ्यांनी पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली. मी घाबरून आईला हाक मारली. आई वाकून बघून म्हणाली, "बया! झेंडू भिजवल्यासारखं!" तसं होणारच होतं, बाईंनी सांगितलेलं मी विसरले होते. तुम्हाला झालं तर घाबरू नका. मळमळायचं, तोंडाची चव जायची, भाकरीचा वास नको व्हायचा. तरी गोळी चुकवायची नाही. हा सल्ला नाही, हुकूम समजा.

पुण्याच्या वॉर्डाची गंमत सांगते. जो शब्द मी वर्षभर गिळला, तो तिथं सकाळ-संध्याकाळ हाळी देऊन विचारतात. "काकू, लघवी किती झाली? रंग कसाय?" या टोकाची सिस्टर त्या टोकाच्या पेशंटला विचारते आणि ती पेशंट तिथून ओरडून सांगते. पिशव्या लटकलेल्या, भांड्यात मोजमाप चाललेलं, आणि पाहुणे बाजूला बसून केळी सोलतायत. पहिल्या दिवशी मला धरणी दुभंगावी असं वाटलं. तिसऱ्या दिवशी मीच ओरडत होते, "सिस्टर, माझी पिशवी भरली हो!" तिथं लाज टिकत नाही. टिकली असती तर तिथली निम्मी माणसं मेली असती.

शेजारच्या खाटेवर राजुरीच्या एक काकू होत्या, मोठ्या बागायतदार घरातल्या, मुतखड्याच्या. त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग जरा थांबल्या. मी समजले. म्हटलं, "बौद्ध आहे मी. आणि टीबी आहे मला. दोन्ही एकदमच ऐकून घ्या." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बया, लई फाटक्या तोंडाची हाय!" आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, अशक्तपणानं मला हात वर उचलवेना तेव्हा, त्यांनी माझ्या केसांच्या जटा सोडवून वेणी घालून दिली. माझी आई गावाला होती. ती वेणी मी कशी विसरेन?

त्या दिवशी भीती वाटली. लई वाटली. मरायची नाही वाटली, उलट मेलं की सुटलं. भीती ही की उघडल्यावर उजवीतही काही निघालं तर? मग डायलिसिस, मग दादाचं घर, मग ओसरीवरची खाट, आणि येणारे-जाणारे विचारणार, कशी आहे तब्येत? तराईतल्या मुली माझं नाव हळूहळू विसरणार. त्यात संध्याकाळी संस्थेतून फोन आला. "ताई, तुम्ही आता आराम करा. तुमच्या जागी कुणीतरी बघू."

मी म्हटलं, "माझी जागा रिकामी नाही. मी रजेवर आहे." आणि फोन ठेवला. मग पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

डावी काढली. उजवी चांगली निघाली.

नेलपॉलिश

घरी आले आणि दुसरी लढाई. सुनंदा वाईट नाही. तिच्या माहेरी टीबीनं एक माणूस गेलेलं, छातीच्या, तिनं लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. बाईंनी समजावून सांगितलं होतं की माझ्या श्वासातून कुणाला काही होत नाही. तरी तिनं माझा पेला वेगळा केला आणि चुकू नये म्हणून त्याच्या तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. मला तो चहा पिता पिता दिसला.

एकदा वाटलं भांडावं. एकदा वाटलं रडावं. आपल्या लोकांनी किती पिढ्या वेगळ्या भांड्यांत पाणी प्यायलं, आणि आता माझ्याच घरात माझाच पेला वेगळा! मग दुपारी ती शेतात गेल्यावर मी तिची नेलपॉलिशची बाटली काढली आणि घरातल्या झाडून सगळ्या पेल्यांना, वाट्यांना, तांब्यांना तसाच ठिपका लावला. दादाच्या जेवणाच्या डब्यालासुद्धा.

संध्याकाळी सुनंदानं चहा ओतायला पेला उलटा केला, दुसरा उलटा केला, तिसरा केला. आणि माझ्याकडं बघितलं. मी पेपर वाचत होते. काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी मुळा धुताना एकदम फिस्सकन हसली आणि म्हणाली, "ताई, डब्याला बी लावला व्हय वो? ते मार्केटात समद्यांना दाखवीत व्हते." तिथून पुढं घरात कुणाचाच पेला कुणाचा राहिला नाही.

विहारात

गोळ्या संपल्या. तपासणी चांगली आली. बाई म्हणाल्या, "मावशी, सुटलात." मी म्हटलं, "म्हणजे तराईत जाऊ?" त्यांनी डोळे मोठे केले. "उन्हाळ्यात नका जाऊ. आणि ऐकणारच नसाल तर पाणी भरपूर प्यायचं, लघवी आली की जायचं, अडवायची नाही. दर काही महिन्यांनी तपासणी." मी फक्त दुसरं वाक्य ऐकलं.

घरी मात्र कुणी विषय काढू देईना. दादा म्हणायचा, "झालं की आता. एक किडनी गेली, एक राह्यली. ती तरी जप." संस्थाही विचारायची, पण कशी, तर आजाऱ्याला विचारतात तशी.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि मला नेपाळच्या कामावर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. समोर गावातल्या बायका, माझ्या मैत्रिणी, त्यांच्या सुना, मागं पुरुष. मी म्हटलं, "नेपाळचं नंतर सांगते. आधी लघवीचं सांगते."

आणि सगळं सांगितलं. उन्हाळी, धने, पळस, फरशीवरचं रक्त, पिशवी, टीबी. मागं एक पोरगा फोन कानाला लावून बाहेर सटकला, फोन वाजलाच नव्हता. दादा खाली मान घालून बसला. बायका पदराआडून एकमेकींकडं बघत होत्या. मी शेवटी म्हटलं, "उन्हाळी दोन दिवसांत गेली नाही, तर ती उन्हाळी नव्हे. डॉक्टरकडं जा, आणि हाच शब्द बोला. लघवी. म्हणून बघा, जीभ झडत नाही."

दादा घरी येईपर्यंत धुमसत होता. "चारचौघात! बुद्धवंदना झाल्या झाल्या मुताच्या गोष्टी!"

"मग कधी सांगू? जलदान विधीला?"

मेल्यावरच्या विधीचं नाव काढल्यावर तो चप्पल घालून बाहेर निघून गेला. पण त्या आठवड्यात मागच्या दारानं बायका आल्या. एक म्हातारी म्हणाली, "आमी शेतात गेल्याव पाणीच पीत न्हाई गं. पुरुष मान्सं आसत्यात, बसायचं कुठं?" मी तिला म्हटलं, उद्यापासून दोघी-तिघींनी मिळून पाणी प्यायचं आणि मिळून जायचं, एकीनं लुगडं धरायचं. ती म्हणाली, "ह्ये आमाला कुनी सांगितलंच न्हाई." दोघींना मी स्वतः नारायणगावला घेऊन गेले.

पोल्छ

तेव्हा डोक्यात आलं, तिकडं गेले तर मुलींना हे सांगायचं कुठल्या शब्दात? पुन्हा गर्मी नको. मी फूलमतीला फोन लावला. मी बरी आहे का, खाते का, असं सगळं तिचं विचारून झाल्यावर मी म्हटलं, "लघवीला आग झाली तर तुमच्याकडं काय म्हणतात गं? सरळ शब्द सांग, आडून नको."

ती म्हणाली, "पिसाब पोल्छ."

"पोल्छ? म्हणजे पोळतं! अगं, हा तर आमचाच शब्द! पोळतं म्हणाले असते तरी त्या पोरानं ओळखलं असतं, आणि मी आपली गर्मी, गर्मी!" मी हसत सुटले. सुनंदा चुलीपाशी होती, तीही हसायला लागली.

पलीकडं फूलमती हसली नाही. मी म्हटलं, "काय गं?"

"दिदी," ती हळू म्हणाली, "मलाई पनि पोल्छ."

मलाही पोळतं.

"कधीपासून?"

"तुम्ही होतात ना, तेव्हापासून."

दोन सायकली, एक रस्ता. ती पुढं, मी मागं, दोघी तहानलेल्या, दोघींना आग. गावोगाव बायकांना दुःख आहे, दुःखाला कारण आहे, असं सांगत फिरलो, आणि एकमेकींना हे सांगितलं नाही.

मी तिला फोनवर वाट्टेल ते बोलले. उद्याच्या उद्या चौकीवर जा म्हटलं. ती म्हणाली, तिथं तो पोरगा बसतो. मग वसतिगृहातल्या मास्तरणीला फोन करून तिला बरोबर जायला लावलं. दुसऱ्या दिवशी मास्तरीण म्हणाली, फूलमती आली नाही, स्वयंपाक आहे म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलीला ताप होता. मी या बाईला ओळखते. मी तिच्यासारखीच आहे. हाताला धरून कुणी नेल्याशिवाय ती जायची नाही.

जेवण

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलेले असताना मी सांगून टाकलं. "मी जाणार. याच महिन्यात."

दादानं घास ठेवला. "चैत लागतोय, शके! डॉक्टर काय म्हनली? एकच किडनी राह्यलीय तुझी!"

"एक आहे ना? मग तिला बरोबर घेऊन जाते. इथं ठेवून तिची पूजा करू का?"

"आन काय झालं-बिलं म्हंजी? तिकडं कोन हाय तुझं?"

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. तो माझ्यासाठी वॉर्डाबाहेर फरशीवर झोपला होता. मी म्हटलं, "दादा, मला भीती वाटत नाही असं नाही. वाटते. पण भीतीपायी मी वर्षभर एक शब्द बोलले नाही, त्यात एक किडनी गेली. आता तिच्यापायी फूलमतीची घालवू?"

सुनंदा दादाकडं बघत म्हणाली, "जाऊ द्या की वो." त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही.

आई एवढा वेळ भाकरी कुस्करत होती. ती ताटावरून नजर न उचलता म्हणाली, "जाऊ दे तिला. हितं समदी तिला इचारत्यात, तब्येत कशी हाय. तितं ती दुसऱ्यांना इचारंल."

दादानं पाणी प्यायलं. रिकामा पेला उलटा करून त्यानं तळाचा लाल ठिपका बघितला. मग मान वर न करताच म्हणाला, "गोरखपूरची गाडी कल्यानला धर. माळशेजनं मी सोडतो."